वाचक विचारतात : समुद्र, वाळू आणि दगडाची भिंत

मागच्या अंकात कोकण किनाऱ्याच्या धुपीवर एक छोटं टिपण दिलं होतं, त्यात म्हणणं एवढंच होतं की किनारा दगडावर नाही तर वाळूवर टिकतो. त्यावर कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजकडून एवढी पत्रं नि व्हॉट्सअॅप मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यांनाच दिलंय. आपल्याकडचा माणूस वर्षातनं एकदा तरी फोंडा नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरून समुद्रावर जातोच, त्यामुळं हा विषय आपला नाही असं कुणी म्हणू नये. माझी नोकरीची बरीच वर्षं कोकणात बंदरं नि बंधाऱ्यांच्या कामावर गेली, तिथं जे बघितलं त्यातनंच उत्तरं देतोय. नावं छापलेली नाहीत.

साहेब, डिसेंबरात तारकर्लीला गेलो होतो तेव्हा केवढा रुंद किनारा होता, पोरं क्रिकेट खेळली. परवा ऑगस्टमध्ये गेलो तर वाळू निम्मीसुद्धा नाही आणि पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत. आम्ही उतरलो होतो तिथले मालक म्हणाले, समुद्रानं किनारा खाल्ला. आठ महिन्यांत एवढं होतं का? (राजारामपुरी)

होतं दादा, पण बहुतेक वेळा ती वाळू खाल्लेली नसते, आत जाऊन बसलेली असते. जून ते सप्टेंबर लाटा उंच असतात, एकामागून एक येतात, मागं फिरताना पुळणीवरची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरची, वाळू ओढून नेतात आणि थोडं आत, पाण्याखाली तिचा लांबच लांब उंचवटा करून ठेवतात. मग पुढच्या मोठ्या लाटा त्या उंचवट्यावर आपटून आधीच फुटतात, म्हणजे किनाऱ्यानं स्वतःच स्वतःसाठी पाण्याखाली बांध घातलेला असतो. पाऊस सरला, ऑक्टोबर-नोव्हेंबर लागला की लाटा लांब नि शांत होतात आणि तीच वाळू हळूहळू परत वर आणून टाकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊन बघा, किनारा परत भरलेला दिसेल. ही ये-जा दरसालची आहे.

म्हणून ऑगस्टची तुलना ऑगस्टशी करायची आणि डिसेंबरची डिसेंबरशी. खरी धूप कधी म्हणायची, तर गेलेली वाळू नि आलेली वाळू यांचा हिशोब दरवर्षी थोडा थोडा तुटायला लागतो तेव्हा. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानं 1990 ते 2018 या काळातले उपग्रहाचे फोटो एकमेकांवर ठेवून देशाचा किनारा तपासला, त्यात साधारण एक तृतीयांश किनारा झिजतोय असं निघालं, सव्वीस-सत्तावीस टक्के किनाऱ्यावर उलट भर पडतीय आणि बाकीचा जागेवर आहे. महाराष्ट्रात झिजणारा भाग साधारण पाव आहे. आपल्याकडं तो कमी आहे कारण कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचे नि काळ्या पाषाणाचे डोंगर समुद्रात घुसलेत आणि त्यांच्यामधल्या खोबणीत छोट्या छोट्या पुळणी बसल्यात. पण याच रचनेमुळं एक गोष्ट अवघड होते. खोबणीतल्या पुळणीला बाहेरनं वाळू फारशी मिळत नाही, जी आहे तीच तिची पुंजी. ती आपण खाडीतनं उपसून ट्रकात भरली तर भरून काढायला कोण येणार?

आमच्या बहिणीचं सासर रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याला लागून आहे, उधाणाच्या भरतीला पाणी मागच्या पडवीपर्यंत येतं. गावानं बंधारा मागितलाय. तुमच्या लेखावरनं वाटलं की तुम्ही बंधाऱ्याच्या विरोधात आहात, मग त्या लोकांनी जायचं कुठं? (शाहूपुरी)

ताई, तुमचा प्रश्न मला लागला, कारण उधाणाच्या रात्री अशा घरात बसून मी पाण्याचा आवाज ऐकलाय. अमावस्या-पौर्णिमेची भरती, त्यात पावसाळी वारा, आणि मागच्या भिंतीला लाट लागली की जमीन हादरते. त्यांना कुणी लाटांवर निबंध ऐकवू नये. जिथं घरं अगदी काठावर आलीत आणि मागं सरकायला जागा उरलेली नाही तिथं दगडाचा बंधारा लागतोच, रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावर लागला तसा. मी विरोधात आहे ते किनारा दिसला की बंधारा या सवयीच्या.

कारण असं. लाट पुळणीवर चढते तेव्हा तिची ताकद वाळूत जिरते, उतारावर पसरत पसरत ती मरते. तीच लाट उभ्या भिंतीवर आली तर मरत नाही, परत फिरते आणि फिरताना भिंतीच्या पायाशी असलेली वाळू उकरते. दोन-चार पावसाळे गेले की भिंतीसमोर वाळूच राहत नाही, पाणी खोल होतं, खोल पाण्यात लाट आणखी मोठी येते, आणि मग भिंत उंच करा म्हणून परत अर्ज. दुसरं म्हणजे भिंत जिथं संपते तिथनं पुढच्या जमिनीला जास्त मार बसतो. आपल्या शेतात कसं, वरच्यानं पाण्याचं तोंड फिरवलं की खालच्याचा बांध फुटतो नि मग भावकीत तंटा, तसंच हे. म्हणून एका वाडीपुरता दोनशे मीटरचा बंधारा बांधला की पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीचे लोक ग्रामपंचायतीत येऊन बसतात, आणि त्यांचं खरंच असतं.

बंधारा बांधायचाच तर नीट बांधा, हे मी फार कळकळीनं सांगतो. एका गावात (नाव नको) ठेकेदारानं सरळ वाळूवर मोठे दगड ओतले. वरनं बघायला झकास काम. पण दगडाखाली फिल्टर नाही, म्हणजे जिओफॅब्रिक (पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड) नाही, मधल्या आकाराच्या दगडांचा थर नाही, पायथा खाली पुरलेला नाही. लाट दगडांच्या फटीतनं आत जायची नि परत येताना खालची वाळू घेऊन यायची, तीन पावसाळ्यांत अख्खी रांग माणूसभर खाली बसली नि मागची माडाची झाडं गेली. त्या झाडांच्या मालकीणबाई, म्हाताऱ्या, मला म्हणाल्या होत्या की दगड नव्हते तेव्हा निदान वाळू तरी होती. तेव्हा तुमच्या बहिणीच्या गावाला सांगा, मंजुरीच्या कागदात तीन गोष्टी बघा : खाली फिल्टरचा थर आहे का, पायथा किती खोल नेलाय, आणि बंधारा जिथं संपतो तिथं शेजारच्या पुळणीसाठी काय केलंय. आणि हे पण विचारा की डिझाइन तपासून घेतलंय का, पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 पासूनचं, तिथं बंदरांची नि किनाऱ्यांची छोटी मॉडेलं करून खऱ्यासारख्या लाटा सोडून बघतात.

भिंतीशिवाय इलाज आहेत का, तर आहेत. पुदुच्चेरीचं उदाहरण मला फार आवडतं. तिथं 1989 च्या सुमाराला बंदरासाठी समुद्रात लांब धक्के घातले. पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षभराचा हिशोब धरला तर दक्षिणेकडनं उत्तरेला सरकते, ती धक्क्यापाशी अडली, आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली, तिथं नुसते काळे दगड. पंचवीस-तीस वर्षं लोकांनी ते बघितलं. मग चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं पाण्याखाली पोलादी पाचरीसारखा एक अडसर बसवला, म्हणजे लाट आधीच मोडावी नि वाळू थांबावी, आणि बंदरातनं उपसलेली वाळू किनाऱ्यावर टाकली. 2018 पासून पुळण परत यायला लागली, ज्या पोरांनी कधी तिथं वाळू बघितली नव्हती ती खेळायला लागली. ओडिशात पेंथा गावाजवळ समुद्र बांध फोडत होता तिथं जिओट्यूब, म्हणजे मजबूत कापडाच्या वाळू भरलेल्या अजस्र पिशव्या, एकावर एक रचून पाचशे मीटरचा बांध केला. नेदरलँड्सनं तर 2011 मध्ये एकाच ठिकाणी सव्वादोन कोटी घनमीटरच्या आसपास वाळू किनाऱ्याला लावून ठेवली नि सांगितलं की आता वारा आणि लाटांनीच ती वाटून घ्यावी. पैसा त्यालाही लागतो आणि वाळू परत परत टाकावी लागते, हे खरंय. पण पुळण राहते, आणि पुळण राहिली तर रापण (किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं) ओढायला, होडी वर घ्यायला, मासळी सुकवायला नि कासवांना अंडी घालायला जागा राहते. भिंतीवर यातलं काहीच होत नाही.

मी नववीत आहे. मुंबईला मरीन ड्राइव्हवर सिमेंटचे चार पायांचे मोठे दगड बघितले, त्यांना टेट्रापॉड म्हणतात असं पप्पा म्हणाले. ते असे वेडेवाकडे का टाकलेत? नीट रचले तर चांगले दिसले असते. (कसबा बावडा)

बाळा, वेडेवाकडे टाकलेत म्हणूनच ते काम करतात. चार पायांमुळं एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात अडकतो, लाटेनं ढकललं की आणखी घट्ट बसतात. आणि मध्ये ज्या पोकळ्या राहतात त्यातनं पाणी आत घुसतं, फाटतं, चारी बाजूला फिरतं, तिथंच त्याचा जोर जातो. सपाट रचले तर ती भिंत झाली, लाट परत उसळली असती. 1950 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत हा आकार शोधला, मोरोक्कोत कॅसाब्लांका शहराच्या वीज केंद्राजवळ समुद्राचं पाणी आत घेण्याची जागा वाचवायची होती म्हणून. आणि एक लक्षात ठेव, त्यांच्यावर चढून फोटो काढायचा नाही, शेवाळावरनं पाय घसरून खालच्या फटीत माणूस अडकला तर काढणं फार अवघड जातं.

मेव्हण्याबरोबर देवबागला पाच गुंठे घेऊन होमस्टे काढायचा विचार चाललाय. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, लोकेशन नाद खुळा आहे. एजंट म्हणतो सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं) सगळं मॅनेज होतं. घ्यावं का? (उद्यमनगर)

लोकेशन नाद खुळा आहे ते कशामुळं, हे आधी समजून घ्या. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये लांब जिभेसारखी पसरलेली वाळूची पट्टी. ती नदीनं आणलेल्या नि समुद्रानं ढकललेल्या वाळूनं झालीय, म्हणजे ती जमीन दोघांच्या मर्जीवर आहे. अशा पट्ट्या जागच्या जागी बसून राहत नाहीत, एका अंगानं झिजतात, दुसऱ्या अंगानं वाढतात, टोक इकडंतिकडं सरकतं. संगमापाशी ज्या वाळूच्या बेटाला होड्या घेऊन जातात ना, तेही असंच वर आलेलं. देवबागच्या लोकांनी समुद्राच्या बाजूनं बंधाऱ्यासाठी वर्षानुवर्षं मागणी केली ती उगाच नाही. पिढ्यान् पिढ्या तिथं राहणाऱ्यांना तिथनं हलायला सांगणं वेगळं, आणि आपण कोल्हापुरातनं जाऊन आयुष्याची कमाई तिथं सिमेंटात घालणं वेगळं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 19 फेब्रुवारी 1991 ला सीआरझेडची पहिली अधिसूचना आली, आता 18 जानेवारी 2019 ची लागू आहे. भरतीरेषेपासनं जमिनीकडं 500 मीटरचा पट्टा नियमाखाली येतो. ग्रामीण भागात त्यातले पहिले 200 मीटर बांधकाम बंद, फक्त जिथं लोकवस्ती फार दाट आहे, 2011 च्या जनगणनेनं चौरस किलोमीटरला 2161 च्या वर, तिथं ती मर्यादा 50 मीटरवर आणलीय. खाडीच्या कडेनं वेगळा पट्टा, 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यातला कमी असेल तो. आता देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीवर समुद्राकडनं नि खाडीकडनं दोन्ही रेषा ओढून बघा, मध्ये उरतं किती. स्थानिक कुटुंबांना आपल्या राहत्या घरात होमस्टे चालवायला सवलत आहे, ती त्यांच्यासाठी आहे, बाहेरनं जमीन घेणाऱ्यासाठी नाही.

एजंटचं "मॅनेज" ऐकू नका. नकाशा मागा, किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे मंजूर झालेले असतात, त्यात तुमचा सर्व्हे नंबर कुठं पडतो ते बघा. गूगल अर्थवर त्याच जागेचे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे फोटो काढून किनाऱ्याची रेघ कुठनं कुठं आलीय ते मोजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमीन बघायला जानेवारीत जाऊ नका, जुलै-ऑगस्टच्या उधाणाला जा, रात्र तिथं काढा, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुमच्या लहानपणी पहिला माड कुठं होता. तो जर हातानं समुद्राकडं, पाण्यात दाखवायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं. 2009 चं फयान, 2020 चं निसर्ग, 2021 चं तौक्ते, बारा वर्षांत तीन वादळांनी कोकणाला झोडपलंय. जगभर समुद्राची पातळी 1901 ते 2018 मध्ये सरासरी 20 सेंटिमीटर वाढलीय, आणि अलीकडचा वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वर आहे. मिलिमीटर ऐकायला किरकोळ, पण सपाट पुळणीवर एवढ्यातेवढ्या वाढीनं पाणी बरंच आत येतं. मेव्हणा-भाऊजींनी पैसे घालायचेच असतील तर गावातल्याच एखाद्या कुटुंबाबरोबर, त्यांच्या उभ्या घरात, भागीदारीनं काहीतरी करा. मी स्वतः तिथं जमीन घेणार नाही आणि माझ्या सख्ख्या भावालाही घेऊ देणार नाही.

समुद्रकिनारी झाडं लावायला आमचा ग्रुप दरवर्षी जातो. खारफुटी लावावी की सुरू? (गडहिंग्लज)

जागा बघून. खारफुटी, म्हणजे तिवर, चिप्पी, कांदळ, ही खाडीतल्या चिखलात जगतात, उघड्या पुळणीवर लाटांच्या माऱ्यात तुम्ही हजार रोपं लावली तरी पुढच्या उधाणाला एक राहणार नाही. खाडीत मात्र ती सोन्याची. 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा भागातल्या गावांचा अभ्यास झाला, समुद्र नि गाव यांच्यामध्ये खारफुटीचा रुंद पट्टा होता तिथं माणसं कमी दगावली होती. महाराष्ट्रानं 2012 मध्ये खास कांदळवन कक्ष काढला नि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. लावण्यापेक्षा असलेली तोडू न देणं जास्त महत्त्वाचं.

सुरूबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका. वारा अडवायला ती चांगली, पण वाळूच्या अगदी पुढच्या टेकाडावर दाट लावली की खाली काही उगवत नाही, आणि लाटेनं टेकाड कापलं की झाडं मुळासकट आडवी होतात. पुढच्या टेकाडावर मर्यादवेल पाहिजे, ती जांभळ्या फुलांची, वाळूवर सरपटत जाणारी, जागोजाग मुळं सोडून वाळू धरून ठेवते. तिच्या मागं केवडा, त्याच्या मागं उंडी, करंज. नाव बघा किती नेमकं, समुद्राची मर्यादा सांगणारी वेल. आणि किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांनो, तुमची थार जी हिरवी वेल चिरडून जाते ना, ती हीच.

आम्ही प्रयाग चिखलीचे. 2019 ला नि 2021 ला घरात पाणी, जनावरं घेऊन सोनतळीच्या माळावर. हॉलंडवाले समुद्र अडवतात म्हणता, मग आमची पंचगंगा अडवायला तसली भिंत का बांधत नाहीत? (प्रयाग चिखली)

आबा, हॉलंडवाल्यांनीच भिंतीवरनं आपलं मत बदललं, ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे.

त्यांचा चौथा हिस्सा देश समुद्रसपाटीच्या खाली आहे. 1953 ला 31 जानेवारी ते 1 फेब्रुवारीच्या रात्री वादळी भरतीनं बांध फुटले, 1836 माणसं गेली. त्यानंतर त्यांनी समुद्राची तोंडंच बंद करायची मोठी योजना काढली. पण एका खाडीवर कालव-शिंपल्यांवर जगणारे कोळी नि निसर्गवाले उठले, म्हणाले पाणी कायमचं बंद केलं तर खाडी मरेल. तेव्हा सरकारनं बेत बदलला आणि 1986 मध्ये तिथं 62 पोलादी दरवाजांचा अडसर उभा केला, जो एरवी उघडा असतो, भरती-ओहोटी आतबाहेर खेळते, फक्त वादळ आलं की पाडतात. तुम्ही-मी हे ऐकून चकित व्हायचं कारण नाही, आपला राजाराम बंधारा काय वेगळा आहे? कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात ज्याची ओळख, त्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याआधी काढायचे नि पाऊस संपला की घालायचे. पाण्याला कधी अडवायचं नि कधी जाऊ द्यायचं, हे आपल्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

नद्यांचं तर आणखी पुढं. 1993 नि 1995 ला त्यांच्या नद्यांना मोठे पूर आले, 1995 ला अडीच लाख लोक हलवावे लागले. बांध आणखी उंच करता आले असते, पण उंच बांध फुटला तर मागची नासाडीही तेवढीच मोठी. म्हणून त्यांनी तिसाहून जास्त ठिकाणी नदीला जागा परत दिली. नायमेखन शहरासमोर बांध 350 मीटर मागं घेतला नि नदीला दुसरा फाटा काढून दिला. आणि तुमच्यासारखीच गोष्ट : ओव्हरडीप नावाच्या नदीकाठच्या सखल भागात शेतकरी राहत होते, त्यांना कळलं की इथं पाणी सोडायचं ठरतंय, तर त्यांनी स्वतःच योजना मांडली, की शेतं पुरात जाऊ द्या, पण आम्हाला मागच्या बांधाला लागून मातीचे उंचवटे करून द्या, त्यावर घर नि गोठा बांधू. काही कुटुंबं दुसरीकडं गेली, आठ राहिली. अंदाजे 25 वर्षांतून एकदा शेतात पाणी येईल असा हिशोब, जी आपल्याकडच्या निळ्या पूररेषेचीच व्याख्या आहे.

आपल्याकडं काय होतं ते तुम्ही बघताच. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा, 43 फुटाला धोका, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या घरात. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून प्लॉट पडतात, तेवढं पाणी कुठंतरी जाणार, ते चिखली-आंबेवाडीत नि बापट कॅम्पात, कुंभारवाड्यात येतं. तुमच्या गावाभोवती भिंत बांधली तर ते पाणी समोरच्या काठावर चढेल, तिथं पण माणसंच राहतात. मी म्हणेन, सोनतळीला पक्की घरं, पक्के गोठे, शाळा, दवाखाना हे सगळं पूर नसताना तयार पाहिजे, आणि शेती खालीच राहू दे. पुराचा गाळ येतो म्हणून तर तुमचा ऊस तसा येतो. माणसानं नि म्हशीनं वर झोपायचं, ऊस खाली.

त्याच 2021 च्या 22 जुलैला चिपळूण बुडालं ते आठवत असेल. तिथं वाशिष्ठीला पूर, वरनं तुफान पाऊस, आणि खालनं समुद्राची भरती, त्यामुळं नदीचं पाणी उतरायला वाटच नाही. समुद्राचा पूर नि नदीचा पूर असे वेगळे कप्पे आपण करतो, पाणी करत नाही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटर उंचावर. समुद्र वाढला काय नि झिजला काय, आमच्यामुळं त्याला काय होतंय? (मंगळवार पेठ)

होतंय. आपली पंचगंगा अरबी समुद्राच्या एवढ्या जवळ उगम पावूनही पाठ फिरवून पूर्वेला जाते, नरसोबावाडीला कृष्णेला मिळते नि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात जाते. आपल्या डोंगरांची माती हजारो वर्षं तिकडं जाऊन कृष्णेचा त्रिभुज प्रदेश झालाय. आता वाटेत आपली धरणं, मग अलमट्टी, नारायणपूर, जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर, शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, गाळ प्रत्येक ठिकाणी बसतो. एकट्या श्रीशैलमची मूळ क्षमता 308 टीएमसी (अब्ज घनफूट) होती, गाळानं ती 216 च्या आसपास आली. म्हणजे जो गाळ समुद्रकाठी जमीन राखायला पाहिजे होता तो धरणाच्या तळाशी पडलाय, आणि खाली कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडचा किनारा जागोजाग मागं सरकतोय. अलमट्टीच्या उंचीवरनं आपण पुराच्या बाजूनं भांडतो, ते भांडायलाच पाहिजे, पण गाळाबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. धरणं पाडा असं मी म्हणत नाही, राधानगरीच्या पाण्यावर आपण वाढलोय. गाळ खाली कसा सोडायचा याचा विचार धरण बांधतानाच व्हायला हवा होता, नि आता तरी व्हावा.

आमच्या शाळेची सहल डिसेंबरात मालवणला जाते. किल्ला बघून, भेळ खाऊन येतो. मुलांना किनाऱ्याबद्दल काही शिकवता येईल का? (शिक्षिका, रंकाळा परिसर)

बाई, फार छान विचारलंत. सिंधुदुर्ग बघताना मुलांना तट बाहेरच्या बाजूनं दाखवा. 1664 ला काम सुरू झालं, साडेतीनशे वर्षं लाटा खातोय. तो टिकला कारण महाराजांनी तो वाळूवर नाही, कुरटे बेटाच्या खडकावर बांधला. मग पुळणीवर आणा नि एक काम करून घ्या. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा, आणि मध्ये दीड मीटरची दोरी. पुळणीच्या वर एखादी न हलणारी खूण धरा, देवळाचा कट्टा, विहिरीचा कठडा असं काहीतरी. तिथं पहिली काठी उभी करा, दोरी ताणून समुद्राकडं दुसरी. मागच्या काठीजवळ उभं राहून समोरच्या काठीचं टोक नि क्षितिजाची रेघ एका सरळीत आणायची, ती नजर मागच्या काठीला टोकापासनं किती खाली लागते ते वाचायचं, तेवढा तिथं उतार. मग मागची काठी पुढच्या जागी, असं करत पाण्यापर्यंत. वहीत तारीख, वेळ, भरती का ओहोटी, तिथी आणि सगळे आकडे लिहा. तासाभरात किनाऱ्याचा उभा छेद कागदावर येतो, नववी-दहावीच्या मुलांना आलेख काढता येतो. पुढच्या डिसेंबरात त्याच कट्ट्यापासनं परत मोजायचं, म्हणून वही शाळेच्या कपाटात ठेवा नि पुढच्या तुकडीच्या हातात द्या. पाच वर्षांचे आकडे झाले की मला नक्की कळवा, याच सदरात छापू.